वेगळी चावी नको म्हणालीस, एल्मा

एल्मा,

तुला नेताना पहिला खांदा भिवा दाजींनी मागितला. तुझी पेटी चर्चच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात ते पुढे आले आणि म्हणाले, "चेडवाक पयलो खांदो आमचो." तुझे चुलते जरा गोंधळले. आपल्यात खांदा घरच्यांचा, नाहीतर चर्चमधल्या पोरांचा असतो, आणि भिवा दाजी तर गाबीतवाडीतले, समुद्रावर आयुष्य काढलेले, गळ्यात माळ असलेले. त्यांच्यामागे त्यांचे दोन मुलगे आणि रापणीच्या जाळ्यावरची चारपाच माणसं उभी होती. फादरांनी तुझ्या आईकडे पाहिलं. झाबेल काकी बाजूला झाली. मग तुला गाबीतांच्या खांद्यावरून कातळसड्याच्या कडेनं, त्या वाटेनं नेलं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंपणाचे सिमेंटचे खांब अजून आडवे पडलेले आहेत. कुणी उचलून नेले नाहीत. पोरं त्यांवर बसतात.

मी काकीच्या शेजारून चालत होते. चर्चमध्येही तिनंच मला हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं होतं. "लवीना, हंय बस," एवढंच म्हणाली. कितीतरी वर्षांनी मी मिस्साला बसले होते, ती तुझ्या मिस्साला. तू असतीस तर कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "बघलंस मां, शेवटी हाडलंयच तुका."

आणलंस खरं. पण ही काय तऱ्हा झाली, एल्मा?

तुझ्याबद्दल सगळं गाव बोलतंय. चर्चमधल्या श्रद्धांजलीत तुझं शिक्षण, तुझं वय, गायनमंडळातली तुझी वर्षं, सगळं वाचून दाखवलं. ते ऐकताना मला वाटलं, ही कोणीतरी दुसरीच शहाणी मुलगी आहे. मी ओळखते ती सकाळी स्कूटीच्या मागे पावाची टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत वाडीवाडीतून फिरायची. लोक आतून हाक मारायचे, "गे एल्मा, आज चार जास्त दी, पावणे इलेत." आणि तू पावाबरोबर प्रत्येक घराच्या बातम्या घेऊन पुढच्या घरी जायचीस. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या म्हाताऱ्याला खोकला लागला, कोणाचा मुलगा दहावीला गणितात अडकला. संध्याकाळी तो मुलगा तुझ्या ओसरीवर गणितं सोडवताना दिसायचा.

तुझ्या बाबांनंतर भट्टी तूच चालवलीस. तुझ्याबरोबरची सगळी मुलं बाहेर गेली, कोण जहाजावर, कोण आखातात, कोण गोव्यात. मी कुडाळला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. शनिवारी गावी यायचे. रविवारी सकाळी मी अंथरुणात असताना तू मिस्सावरून परस्पर आमच्याकडे यायचीस, गरम पाव ठेवायचीस आणि कुणी न विचारता त्या दिवशीचं प्रवचन दोन वाक्यांत सांगायचीस. "आज फादर क्षमेवर बोलले. लांबवल्यानी, पण शेवट बरो हुतो." मी म्हणायचे, मी विचारलं नाही. तू म्हणायचीस, "गो, चर्चात येवक नाय तां ऱ्हवांदे, पाव तरी ताजो खा."

माझा विश्वास कधी गेला हे मला नीट सांगता येत नाही. काही मोठं कारण घडलं नाही. कोल्हापूरला शिकत असताना एका रविवारी गेले नाही, मग दुसऱ्या रविवारी गेले नाही, आणि मग लक्षात आलं की मला काही हरवल्यासारखं वाटत नाहीये. घरी आईनं रडून घेतलं. तू मात्र एकच विचारलंस, "गाणी तरी म्हणतलंस मां?" नाताळच्या गाण्यांना तुला माझा खालचा सूर हवा असायचा. त्या गाण्यांना मी येत राहिले. देवासाठी नव्हे, तुझ्यासाठी. हे तुला माहीत होतं आणि तुला ते चालत होतं.

आपलं भांडण निराळ्याच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचे, आपल्या लोकांना चर्चनं वाकायला शिकवलंय. आपण थोडे आहोत, आपण गप्प बसावं, मिळेल ते घ्यावं, हे आपण देवाच्या नावानं शिकतो. मी फोनवर लिहायचे. देशात कुठे काय झालं, कुठल्या प्रार्थनेच्या घरावर कोण चालून गेलं, त्यावर लांबलचक लिहायचे, आणि लोक त्याखाली पसंतीचे अंगठे टाकायचे. तू वाचायचीस आणि म्हणायचीस, "बरां लिवलंस. पण आपल्या वाडयेत पाणी येवक नाय, तेच्यावर कोण लिवतलो?" मी चिडायचे. तुला राजकारणातलं काही कळत नाही असं म्हणायचे. तू म्हणायचीस, राजकारण म्हणजे चिखल, आणि तुझे पाय आधीच पिठात आहेत.

पण तू मत द्यायला कधी चुकली नाहीस. आणि एका निवडणुकीच्या आधी तुझ्या भट्टीवर आलेला तो पक्षाचा माणूस मला आठवतो. मी तिथेच बसले होते. त्यानं पाव घेतले, पैसे दिले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाये, तुमच्या लोकांची मतां यंदा खंय जातली?"

तू टोपलीत पाव मोजत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माझी लोकां? मी सकाळी चार वाडये फिरतंय. सगळी माझीच लोकां. तेंका एकेकाक इचारा."

तो हसला. त्याला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं असावं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

तू घ्यायचीस त्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली ती गोष्ट तर अजून पोरं सांगतात. एका मुलीनं तुला विचारलं होतं, "टीचर, येशू कोणाक मत दितलो?" तू म्हणालीस, "तेचा नाव मतदार यादीत नाय. मोठी झालंस की तुझा आसतला. मगे तूच इचार करून दी." त्या मुलीच्या आजोबांनी फादरांकडे तक्रार केली, की वर्गात राजकारण शिकवतात. फादरांनी तुला बोलावून घेतलं, आणि ऐकल्यावर त्यांनाच हसू आवरेना.

मग ते कुंपण आलं.

सड्याखालची ती सगळी जमीन बाहेरच्या कोणा हॉटेलवाल्यानं घेतली. ज्यांनी विकली त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. मुंबईला असलेल्या मुलांना इथल्या काजूचं काय करायचं होतं? पण त्या जमिनीतून वाट जात होती. आपली दफनभूमी आणि गाबीतांची स्मशानभूमी, दोन्ही त्या वाटेच्या टोकाला, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या आजीला त्याच वाटेनं नेलं होतं, तुझ्या बाबांनाही. एका उन्हाळ्यात खांब आले, जाळी आली, फाटक आलं, आणि फाटकाला कुलूप लागलं. लोक कुरकुरले. ग्रामपंचायतीत कोणी अर्ज दिला, कोणी दिला नाही. आपल्या गावात सहसा मरणाची घाई कोणाला नसते, म्हणून ते तसंच राहिलं.

पावसाळ्यात भिवा दाजींची बायको गेली. फाटक उघडायला माणूस नव्हता. त्या बाईंना मळ्यातून, लावणी झालेल्या शेतातल्या चिखलातून फिरवून न्यावं लागलं. तू त्या वेळी पावाची फेरी करत होतीस. बांधावर स्कूटी उभी करून तू ते सगळं पाहिलंस. एक जण घसरला, तिरडी कलंडली, आणि दाजींनी दोन्ही हातांनी ती सावरली, हे तू मला त्या शनिवारी सांगितलंस. सांगताना तू रडली नाहीस. टोपलीच्या फडक्याची उगाच पुन्हा पुन्हा घडी घालत होतीस.

त्यानंतर काही दिवसांनी हॉटेलवाल्यांचा माणूस चर्चच्या समितीकडे आला. फार नम्र माणूस, म्हणे. म्हणाला, तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे, तुमच्या समाजाला त्रास होऊ देणार नाही. आणि त्यानं फाटकाची एक चावी समितीच्या हातात ठेवली. ख्रिश्चन लोकांसाठी. गाबीतांचं काय, असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, त्यांचं आम्ही त्यांच्याशी बघू.

समितीला सुटल्यासारखं वाटलं. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात तरुणांना बोलावून हे सांगण्यात आलं. तू मला फोन करून बोलावलंस. "आज भायर तरी येवन बस," म्हणालीस. मी पायरीवर बसले, चपला घालूनच.

तिथे जे बोलणं झालं ते मी विसरणार नाही. समितीतले एक काका म्हणाले, "आमी थोडी माणसां. थोड्यांनी जपान ऱ्हवाक व्हया. चावी मिळाली, देवाची कृपा." सुट्टीवर आलेला नेल्सन म्हणाला, त्याला वर्षातले दोनतीन महिने गाव मिळतं, त्यात भांडणं कशाला. "मी जहाजार, हो आखातात, ती गोव्यात. भांडाण लावन आमी जातलों आणि मागे म्हातारी माणसां ऱ्हवतली. चावी घेवया." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसरा एक मुलगा म्हणाला, चर्चमध्ये राजकारण नको, आपण प्रार्थना करू. मी पायरीवरून म्हटलं, प्रार्थनेनं कुलूप उघडत असतं तर किल्ल्या कशाला बनवल्या असत्या. काही जण हसले, काहींना राग आला.

तू सगळ्यांत शेवटी बोललीस. हळू बोललीस. "भिवा दाजीच्या बायलेक चिखलातसून न्हेली तेव्हा मी थंयच हुतंय. माका ती चावी हातात धरवणा नाय."

काका म्हणाले, "मगे काय करूचा?"

"परत देवची."

"आणि आमची माणसां मेली की?"

"तीय चिखलातसून जातली," तू म्हणालीस. "सगळ्यांवांगडा."

फादर खांबाला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, की चावी समितीकडे दिली आहे, पण ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे, आणि ग्रामसभेला जायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

एल्मा, तू याआधी ग्रामसभेत पाय ठेवला नव्हतास. मी ठेवला होता, आणि तिथे तावातावानं बोलून कोणालाच काही पटवू शकले नव्हते. आदल्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, "तू बोल, तुका बोलूक येता." मी खूप तयारी केली. मी घटनेतलं कलम सांगणार होते, वहिवाटीचा हक्क सांगणार होते. सभेत आपण मागच्या खुर्च्यांवर बसलो. हॉल भरलेला होता, गाबीतवाडीतली माणसं एका बाजूला, आपली दुसऱ्या बाजूला. सरपंचांनी विषय काढला आणि लगेच सांगितलं, की ख्रिश्चन समाजाचा प्रश्न सुटलेला आहे, त्यांना चावी मिळाली आहे. गाबीतवाडीतल्या एकानं मागे वळून आपल्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो जणू म्हणत होता, बरं, तुमचं तुम्ही बघितलंत.

मी उठणार, त्याआधी तू उठलीस. चालत पुढे गेलीस. समितीकडून चावी तू कधी मागून घेतलीस ते मला ठाऊक नव्हतं. ती तू सरपंचांच्या टेबलावर ठेवलीस. कचेरीत आपण शुद्ध मराठी बोलतो. तू मालवणीतच बोललीस.

"ही चावी आमका दिल्यानी. आमच्या मेलल्यांका वाट, आणि हेंच्या मेलल्यांका कुलूप. अशी वाट आमका नको. वाट सगळ्यांची आसा, ती सगळ्यांका उघडा. नायतर आमचीय बंद ऱ्हवांदेत."

आणि परत येऊन बसलीस. तुझे हात इतके थरथरत होते की मी ते माझ्या मांडीवर धरून ठेवले. माझी सगळी कलमं माझ्या पर्समध्येच राहिली. समोर भिवा दाजी उठून उभे राहिले. त्यानंतर जो गोंगाट झाला त्यात वाटेच्या मोजणीचा ठराव कधी मांडला गेला आणि कोणी अनुमोदन दिलं हे मला नीट ऐकू आलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर काकीनं तुला काय ऐकवलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. "तुका कोणी सांगलेला थंय उभी ऱ्हवाक? आमी पाव विकणारी माणसां. पाव सगळ्यांका व्हयो आसता, भांडाण कोणाक नको आसता."

तिचं काही अंशी खरं ठरलं. फोनवर निरोप फिरले, की चर्चवाले गावाच्या विकासाच्या आड येतात. काही घरांनी तुझा पाव घेणं थांबवलं. समितीतल्या त्या काकांनीही थांबवलं, ते मला जास्त लागलं. सकाळी त्यांच्या दारावरून जाताना तू भोंगा मात्र रोज वाजवायचीस. मी विचारलं, अपमान करून घेतेस कशाला? म्हणालीस, "तेंका कळांदेत, पाव आसा म्हणान." तू तो भोंगा रागानं वाजवायचीस की प्रेमानं, हे मला कधी ठरवता आलं नाही. काही महिन्यांनी एका सकाळी त्या काकांची नात हातात पिशवी घेऊन घराच्या दारात उभी दिसली. तू पाव दिलास आणि पुढच्या घरी गेलीस. मला ही गोष्ट सांगितलीस तीही ओझरती.

वाटेची सरकारी मोजणी झाली, त्याला वेळ लागला. कचेऱ्यांच्या किती खेपा घातल्या आपण. मी रजा टाकून यायचे, तू स्कूटी चालवायचीस, भिवा दाजींचा मोठा मुलगा त्याच्या गाडीवरून मागोमाग. अखेर वाट मोकळी करायची असं ठरलं, जाळी निघाली, खांब आडवे झाले. तू तिथे गेली नाहीस. त्या दिवशी भट्टीत काम जास्त होतं, म्हणालीस.

एका खेपेहून परतताना आपण कसालला चहाला थांबलो होतो. हायवेवरच्या टपरीवर, गरम कांदाभजी खात. तिथे मी तुला तो प्रश्न विचारला जो मला कितीतरी दिवस विचारायचा होता. म्हटलं, "खरं सांग, हे तू ख्रिश्चन म्हणून केलंस की गावची नागरिक म्हणून केलंस?" मला हवं असलेलं उत्तर मला माहीत होतं. तू नागरिक म्हणून केलंस, यात चर्चचा काही संबंध नाही, असं मला ऐकायचं होतं. कारण मग माझं बरोबर ठरलं असतं.

तू हातातलं भजं संपवलंस. मग म्हणालीस, "तू असा इचारतंस तेव्हा माका वाटता, तू माका मधोमध कापूक बघतंस."

मी म्हटलं, हे उत्तर नाही.

"माझ्याकडे दुसरा नाय," तू म्हणालीस. "मी सकाळी प्रार्थना करतंय तेव्हा भिवा दाजीची बायल आठावता. आणि ग्रामसभेत गेलंय तेव्हा प्रार्थना आठावली. खंयचा आधी, माका म्हायत नाय."

मी वाद वाढवला. म्हटलं, मला तर देव नाही, पण मलाही ती बाई आठवते, मग तुझ्या प्रार्थनेचं काय काम? तू हसलीस. "तुका देव नाय, पण तू देवाक आसंस," म्हणालीस. असलं काही म्हटलं की मला फार राग यायचा, हे माहीत असूनही म्हणालीस. मी स्कूटीवर मागे बसले आणि गावापर्यंत बोलले नाही. तू मात्र सगळ्या रस्त्यात गात होतीस.

तो वाद तिथेच राहिला, एल्मा. तुझ्या बाजूचं कोणीच उरलं नाही आता.

दुसरा वाद निवडणुकीचा. ग्रामपंचायतीसाठी उभी राहा म्हणून गाबीतवाडीतले लोक तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालीस, खुर्ची नको, खुर्चीवर बसलं की लोक पाव मागायच्या आधी दाखला मागतात. उलट मलाच म्हणत राहिलीस, "तू उभी ऱ्हव. तुका शिकवलेला आसा, बोलूक येता, आणि तुका लोकांचो राग सोसता." मी म्हटलं, जिला चर्चमध्ये जायचं नाही तिला चर्चवाडी मत कशी देईल? तू म्हणालीस, "मी सांगतलंय तेंका. ही मिस्साक येणा नाय, पण सभेक येता." यावर आपण हसलो आणि बोलणं पुढे ढकललं. आपल्यापुढे भरपूर वर्षं आहेत अशा थाटात ढकललं.

पाऊस सरता सरता तुला ताप आला. तू अंगावर काढलास असं लोक म्हणतात, पण तू कधी काढला नाहीस? कुडाळच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी ऑफिसातून तशीच धावत आले. तुझे डोळे पिवळे झाले होते आणि तुला सगळ्यात मोठी काळजी होती ती पावाची. फेरी कोण करतो, गाबीतवाडीत पोचला की नाही. दुसऱ्या दिवशी तुला गोव्याला हलवायचं ठरलं. गाडी येईपर्यंत काकीनं तेर्स, जपमाळेची प्रार्थना, सुरू केली. तिचा आवाज फुटत होता, ओळ मधेच तुटत होती. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "लवीना, आवशीवांगडा म्हण. एकटीन जमणा नाय तिका."

मी म्हटलं. सगळं येत होतं मला. एक शब्द अडला नाही. काकी अर्धं म्हणायची, मी उरलेलं अर्धं. तुझे ओठ हलत होते.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण लोक लगेच म्हणतील की लवीना परत आली. मी परत आले की नाही ते मला ठाऊक नाही. त्या वेळी मी काही मागितलंही नाही. तुझ्या आईला धरून ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि ते तू मला दिलंस. तेवढंच खरं आहे. आभार मानायचे राहिले. आपल्यात आभार मानायची पद्धतच नव्हती. तू पाव ठेवायचीस, मी खायचे.

तू गेल्याचं नेल्सनला जहाजावर कळलं. त्याचा फोन आला तेव्हा मागे वाऱ्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तेव्हा मी चावी घेवया म्हणालंय. तिणां माका कधी बोलून दाखवल्यान नाय." मी म्हटलं, ती तशीच होती. तो म्हणाला, पुढची सुट्टी मतदानाच्या दिवसांत मागतो. मागेल की नाही कोण जाणे. पण त्यानं म्हटलं, ते तुला सांगावंसं वाटलं.

भट्टी सध्या तुझा चुलत भाऊ बघतो. पाव जरा कडक होतात. कोणी तक्रार करत नाही.

मृतांच्या दिवशी दफनभूमीत आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन गेलो. तुझ्या मातीवर अजून गवत धरलेलं नाही. काकीनं फुलं ठेवली, आणि जाता जाता थोडी फुलं घेऊन ती पलीकडे, भिवा दाजींच्या बायकोला जिथं अग्नी दिला होता त्या बाजूला गेली. तिथे ठेवायला काही खूण नाही, तरी ठेवून आली. मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेला मी गेले. काकी म्हणाली, "मीय येतंय." मला वाटलं, तिला घरात एकटीला बसवत नसेल. ती तुझ्यासारखीच मागच्या खुर्चीवर बसली, डोक्यावर पदर, हातात रुमाल. सुरुवातीला तुझ्यासाठी सगळे उभे राहिले. सरपंच चांगलं बोलले. तू चावी परत दिलीस तेव्हा त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, हेही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी प्रस्ताव मांडला, की त्या वाटेला तुझं नाव द्यावं, सुरुवातीला एक कमान करून त्यावर लिहावं. गाबीतवाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी हळू म्हणालं, की मग उद्या दुसरा कोणीतरी म्हणेल आमच्या माणसाचं नाव का नको. थोडी कुजबुज झाली. सरपंच कागदावर काहीतरी लिहू लागले. मी उठून काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं, आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं.

शेजारची खुर्ची सरकली. काकी उभी राहिली होती.

एल्मा, तुझी आई. जिनं तुला भांडण नको म्हणून आळीभर ऐकवलं होतं. जिला आजवर चर्चच्या बाहेर चारचौघांत बोलताना मी पाहिलं नव्हतं. तिनं आधी खुर्चीच्या पाठीला धरलं, मग हात सोडला.

"वाटेक नाव नको," ती म्हणाली. "माझ्या चेडवाचा नाव माझ्याकडे आसा. वाट आसा तशी बरी. पण थंय काळोख पडता. सांजेक कोण मातयेक इला, कोण अग्नीक इला, तर माणसां ठेचकाळतत. तुमका कमानीक खर्च करूचो आसात, तर थंय दिवे लावा."

सरपंच म्हणाले, "काकी, लायटीचा काम सोपा नाय. विजेच्या कचेरीत अर्ज, पाठपुरावो. कोणीतरी मागे लागूक व्हया."

"मी लागतलंय," काकी म्हणाली. "दिवे लागासर मी दर सभेक येतलंय."

भिवा दाजींनी अनुमोदन दिलं. ठराव झाला. काकी खाली बसली, आणि मी पाहिलं, तिचे हात अगदी स्थिर होते. सभा पुढच्या विषयाकडे गेली, रस्त्याच्या खडीकडे. थोड्या वेळानं ती माझ्याकडे झुकली आणि कानाशी म्हणाली,

"बरां बोललंय मां, गो?"

"बरां बोललंस, काकी."

तिनं रुमालानं तोंड पुसलं. मग विचारलं, "फुडली सभा कधी आसता?"